वांगी-मिरचीच्या वाफ्यात लव्हाळा: खणू की नको?

वाफेवाली, सातारा:
घरामागे गुंठाभर काळी जमीन आहे. मृगाआधी दरवर्षी कुदळीने खणून घेते, तरी महिन्याभरात लव्हाळ्याचं तण दाटतंच. यंदा न खणताच रोपं लावू का?

पाचटवाला, कराड:
ताई, लव्हाळ्यात कुदळ घालूच नका. एक रोप अलगद उकरून बघा, मुळाला काळसर गाठी माळेसारख्या दिसतील. कुदळीने माळ तुटते आणि सुटी झालेली प्रत्येक गाठ कोंब काढते. मी पाती दिसली की खुरप्याने जमिनीलगत कापतो. गाठीतला साठा हळूहळू संपतो, पण नेट लागतो. वर चार बोटं उसाचं पाचट. त्याने घोळ, माठ अशी तणं थांबतात; लव्हाळा मात्र त्यातूनही वर येतो, म्हणून खुरपं सोडायचं नाही.

भातवाला, कर्जत:
इकडे नेरळचे शेतकरी भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात गादीवाफे एकदाच करतात, पुढे नांगरट नाही. पिकाची मुळं जमिनीतच कुजू देतात. पीक संपल्यावर वांग्याची झाडं तुम्हीही उपटू नका, बुंध्याशी कापा.

वाफेवाली:
आणि मुळा-गाजर?

पाचटवाला:
तेवढाच वाफा पहारीने सैल करा, माती उलथू नका. गाजरगवत दिसलं तर फुलाआधी उपटा, हातमोजे घालून.