१२ व्होल्टवरून ३.३ व्होल्ट: लिनियर की बक?

धागाकर्ता:
बोर्डाला १२ व्होल्ट येतात. मायक्रोकंट्रोलर आणि वायफाय मॉड्यूल मिळून ३.३ व्होल्टवर सरासरी ३०० मिलिअँपिअर घेतात. इथे बक (वेगाने चालू-बंद करून व्होल्ट उतरवणारा रेग्युलेटर) सोडून लिनियर (जादा व्होल्ट उष्णता म्हणून जाळणारा) लावणं सरळ चूक आहे. ८.७ व्होल्टांचा फरक गुणिले ०.३ अँपिअर, म्हणजे २.६ वॅट नुसती उष्णता. एसओटी-२२३ पॅकेज (चिपचं छोटं आवरण) वॅटमागे ६० अंशांनी तापतं असं धरलं, तरी दीडशे अंशांची वाढ! मग थर्मल शटडाउन होतं (चिप तापून स्वतःच बंद पडते), चिप निवली की बोर्ड परत उठतं, आणि रिसेट का होतोय म्हणून लोक फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) उकरत बसतात.

प्रतिसाद १:
१२ व्होल्टपुरतं मान्य. पण ५ वरून ३.३ ला १०० मिलिअँपिअर हवे असतील, तर उष्णता अवघी ०.१७ वॅट. तिथेही सवयीने बक टाकतात आणि एडीसीचे (व्होल्टेज मोजून आकडा देणाऱ्या भागाचे) आकडे नाचू लागतात. ३.३ व्होल्ट संदर्भावर १२ बिट एडीसीची एक पायरी ०.८ मिलिव्होल्टची, पुरवठाच संदर्भ असेल, तर २० मिलिव्होल्टची रिपल (पुरवठ्यातले बारीक चढउतार) म्हणजे २५ पायऱ्यांएवढी हालचाल.

धागाकर्ता:
हा दोष बहुतेक वेळा लेआउटचा असतो. इनपुटचा सिरॅमिक कपॅसिटर बक आयसीच्या व्हीइन (इनपुट) आणि ग्राउंड पिनांना अगदी खेटून हवा, एक-दोन मिलिमीटरवर. त्यांच्यामधला करंटचा लूप लांबला की प्रत्येक स्विचिंगला स्पाइक येणारच. फीडबॅकची (आउटपुट व्होल्टेज आयसीला कळवणारी) ट्रेस इंडक्टरखालून (बकमधल्या कॉइलखालून) नेऊ नका. ५०० किलोहर्ट्झ, १ अँपिअर आणि ३० टक्के रिपल करंट धरला तर इंडक्टर साधारण १५ मायक्रोहेन्रीचा येतो; त्याचा सॅच्युरेशन करंट (ज्याच्यापुढे इंडक्टरची क्षमता घसरते तो) आयसीच्या करंट लिमिटपेक्षा जास्तच घ्या.

प्रतिसाद २:
बकनंतर एलडीओ (कमी फरकावर चालणारा लिनियर) लावला की सगळं स्वच्छ, हाही गैरसमज. बऱ्याच एलडीओंचा पीएसआरआर (इनपुटचा गोंगाट रोखण्याची क्षमता) शेकडो किलोहर्ट्झच्या पुढे घसरतो, स्पाइक आरपार जातात. आधी फेराइट बीड (उच्च वारंवारतेचा गोंगाट अडवणारा भाग) आणि कपॅसिटर लावा. शिवाय १११७ ला (एका प्रचलित लिनियर रेग्युलेटरला) इनपुट-आउटपुटमध्ये सव्वा व्होल्टच्या आसपास फरक लागतो, त्यामुळे ३.८ वरून ३.३ त्याच्याकडून होणार नाही.

प्रतिसाद १:
बॅटरीवर तर १११७ नकोच. लोड नसतानाही तो ५ मिलिअँपिअर खातो; १००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आठ दिवसांत रिकामी. पण दोन-तीन मायक्रोअँपिअर खाणारे एलडीओ मिळतात. बोर्ड बहुतेक वेळ झोपलेलं असेल, तर मी तोच घेईन.

धागाकर्ता:
झोपेपुरतं पटलं. पण वायफायचा झटका ३०० मिलिअँपिअरच्या वर जातो. तेवढ्या करंटला त्या एलडीओचा ड्रॉपआउट (इनपुट-आउटपुटमध्ये लागणारा किमान फरक) किती, ते डेटाशीटच्या आलेखात बघून मगच पार्ट ठरवा.