मदत हवी आहे: बाथरूममध्ये जुन्या टाइल्सवरच नवीन टाइल्स?

नमस्कार मंडळी. मुलुंडला आमची १९८८ची बिल्डिंग, बाथरूमच्या टाइल्सही तेव्हाच्याच. मिस्त्री म्हणतो, फोडाफोडी नको, अ‍ॅडहेसिव्हने वरच नवीन बसवतो. आईलाही तेच हवंय, कारण लिफ्ट नाही आणि डेब्रिजच्या गोणी तिसऱ्या मजल्यावरून उतरवायच्या. पण नाण्याने ठोकून पाहिलं तर नळाखालच्या पाच-सहा टाइल्स बद्द वाजतात, म्हणजे खालून सुटल्या असाव्यात. तेवढ्याच काढून जागा सिमेंटने भरून घेतली तर चालेल का? शिवाय जमीन १२-१५ मिलिमीटर वर येणार. दार खालून तासता येईल, पण न्हाणी ट्रॅपची (जमिनीवरचं पाणी जिथून जातं त्याची) जाळी खड्ड्यात जाईल आणि कडाप्प्याचा उंबरठा जवळजवळ सपाट होईल, त्याचं काय? खालच्या काकूंच्या छताला सध्या ओल नाही, आमच्यामुळे यायला नको! असं काम करून कोणाला चार-पाच वर्षं झालीत का?