जुना पीएस४: सप्लाय बदलण्याआधी हे तपासा

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड पीएस४ (प्लेस्टेशन ४ गेमिंग कन्सोल) बीप करतो, निळा दिवा लुकलुकतो आणि बंद पडतो. चालू झालाच तर ना वायफाय, ना कंट्रोलर. वर दोघांनी सरळ पॉवर सप्लाय (कन्सोलला वीज पुरवणारा आतला डबा) बदला म्हटलंय. कृपा करून इतक्यात पैसे घालू नका.

सप्लाय बाहेर काढून नुसता प्लगला लावला तर त्यातून साधारण ५ व्होल्टचा स्टँडबायच, म्हणजे मशीन बंद असतानाही चालू राहणारा थोडासा पुरवठा, मिळतो. १२ व्होल्ट कन्सोलच्या मुख्य बोर्डाने मागितल्यावरच येतात. त्यामुळे मल्टिमीटरवर १२ दिसले नाहीत म्हणून चांगला सप्लाय भंगारात काढू नका. स्टँडबायच नसेल तर मात्र तो गेला. सप्लायचा डबा उघडू नका. आतला मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतो. मेनच्या विजेवर काम करायची सवय नसेल तर मोजमाप जाणकाराकडूनच करून घ्या.

कंट्रोलर ब्लूटूथवर जोडला जातो, आणि वायफाय व ब्लूटूथ एकाच मॉड्यूलवर आहेत, म्हणून दोन्ही एकदम गेले की मी आधी अँटेना बघतो. कंट्रोलर हातभर अंतरावर चालतो आणि सोफ्यावरून तुटतो? मग नक्की बघाच. माझ्याकडच्या मशीनमध्ये आधीच्या दुरुस्तीवाल्याने अँटेनाची वायर लावलीच नव्हती. तांदळाच्या दाण्याएवढं कनेक्टर, बोटाने दाबलं, टिच् आवाज आला आणि कंट्रोलर लगेच जोडला गेला.

आणि हो, सुरुवातीची मॉडेल्स फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतात. राउटर ५ वरच ठेवला असेल तर नेटवर्क दिसणारच नाही.