दुसऱ्यांदाही तेवढीच मजा देणारं काय? (कादंबरी / सिनेमा / विनोदी मालिका)

अर्धविराम

'सध्या काय आवडलं' असे धागे निघतात आणि 'मस्त आहे, नक्की बघा'च्या पुढे गाडी सरकत नाही. म्हणून प्रश्न जरा आवळून विचारतो. शेवट ठाऊक आहे, विनोद पाठ आहेत, तरी दुसऱ्या फेरीत तेवढंच किंवा जास्त आवडलं असं काय? आणि नेमकं कशामुळे? कादंबरी, सिनेमा, विनोदी मालिका, काहीही चालेल.

सुरुवात माझ्याकडून: 'फॉल्टी टॉवर्स', एका हॉटेलात घडणारी ब्रिटिश विनोदी मालिका. दुसऱ्यांदा बघताना जास्त हसू येतं. उलट दर दहा सेकंदांना एक पंच टाकणाऱ्या कित्येक मालिका दुसऱ्या वेळी अगदीच पाणचट लागतात. असं का होतं?

रहस्यकथांबद्दल लिहिणार असाल तर कृपया गुन्हेगार फोडू नका.

पडद्यामागे

सुटा पंच हा धक्क्यावर चालतो, आणि धक्का एकदाच बसतो. 'फॉल्टी टॉवर्स'मध्ये हसू येतं ते धक्क्यापेक्षा वाट बघण्यामुळे. काय होणार हे माहीत असलं की वाट बघायला आणखी मजा येते.

१९७९च्या दुसऱ्या मालिकेचा (म्हणजे दुसऱ्या सीझनचा) पहिला भाग, 'कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स', या दृष्टीने पुन्हा बघा. मिसेस रिचर्ड्स ही कमी ऐकू येणारी पाहुणी श्रवणयंत्र बंद ठेवते, का तर बॅटरी संपते. आधी हा फक्त तिच्या स्वभावाचा तपशील वाटतो. पुढे हॉटेलमालक बेसिल तिच्यासमोर आवाज न काढता नुसते ओठ हलवतो, ती यंत्राचा आवाज वाढवते, तो पुन्हा तेच करतो, ती आणखी वाढवते, आणि मग तो ओरडतो. पहिल्या खेपेला आपण ओरडण्याला हसतो. दुसऱ्या खेपेला तिचा हात यंत्राकडे गेला की तिथेच हसू फुटतं.

त्याच भागातला दुसरा धागा. बायकोपासून लपवून लावलेल्या घोड्याचे पैसे बेसिल जिंकतो आणि वेटर मॅन्युएलला बजावतो की तुला यातलं काहीही माहीत नाही. पुढे ते पैसे आपलेच आहेत हे पटवायला त्याच मॅन्युएलची साक्ष लागते, आणि तो मोठ्या अभिमानाने सांगतो की मला काहीही माहीत नाही. म्हणजे बेसिलला बुडवतो तो त्याचाच हुकूम. हा विनोद वाक्यात नाही, घटनांच्या रचनेत आहे, म्हणून पाठ झाला तरी झिजत नाही.

पारखायची सोपी रीत: भागातला सगळ्यात मोठा हशा घ्या आणि तो घडायला आधीच्या किती गोष्टी लागल्या ते मोजा. तीन-चार निघाल्या तर भाग टिकणार. एकही निघाली नाही तर तो सुटा विनोद, एकदा हसून सोडून द्यायचा. संपूर्ण मालिका बाराच भागांची आहे (१९७५ आणि १९७९, सहा-सहा), त्यामुळे सलग तपासून बघणंही अवघड नाही.

समासातली_टीप

कादंबरीत हेच काम निवेदक करतो. ज्याला आपण काय सांगून बसलो हे स्वतःला कळत नाही असा निवेदक असला, की दुसरं वाचन पहिल्यापेक्षा सरस होतं.

ब्रिटिश कादंबरीकार काझुओ इशिगुरोची 'द रिमेन्स ऑफ द डे' (१९८९, त्या वर्षीचं बुकर) घ्या. स्टीव्हन्स हा बटलर १९५६च्या जुलैमध्ये मोटारीने प्रवास करता करता जुन्या आठवणी सांगतो. १९२३ मध्ये मालकाच्या घरी भरलेल्या परिषदेच्या रात्री वरच्या मजल्यावर त्याचे वडील मरण पावतात आणि खाली तो पाहुण्यांना मद्य देत राहतो. आपल्याला काय वाटलं याबद्दल एक अक्षर नाही. पण समोरची माणसं विचारतात, बरा आहेस ना? त्याचा मालक लॉर्ड डार्लिंग्टन तर म्हणतो, तू रडतोयस असं दिसतंय. निवेदकाने दडवलेली गोष्ट आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून कळते.

आणखी एक जागा, जी पहिल्या वाचनात सहज निसटते. घराची व्यवस्था बघणाऱ्या मिस केंटनच्या बंद दाराबाहेर तो उभा आहे आणि ती आत रडत असणार अशी त्याची खात्री आहे. आधी तो हा प्रसंग तिच्या मावशीच्या मृत्यूच्या बातमीशी जोडतो. बरंच पुढे गेल्यावर म्हणतो, नाही, ती रात्र वेगळी होती. कोणती, ते वाचलेलं नाही त्यांनी स्वतः शोधावं. ही एक दुरुस्ती हाती लागली की सबंध पुस्तकाची मांडणी बदलून दिसते.

विनोदी लेखनात याच जातीचा निवेदक आपल्याकडे केव्हापासून आहे: चिं. वि. जोशींचा चिमणराव. आपलं हसं होतंय याची त्याला गंधवार्ता नसते, तो आपला सरळ मनाने हकीकत सांगत असतो. त्याच्या जागी स्वतःच्या विनोदावर खूश असलेला निवेदक ठेवून बघा, दोन पानांत कंटाळा येईल.

करून बघण्याजोगं: अशी कादंबरी संपली की लगेच पहिलं प्रकरण पुन्हा वाचा, तेवढंच. 'मला नीटसं आठवत नाही', 'खरं तर असं नव्हे' अशी वाक्यं येतील तिथे पेन्सिलने खूण करा. खुणा अर्थपूर्ण वाटल्या तर अख्खं पुस्तक परत घ्या, नाहीतर राहू द्या. आणि दुसरं वाचन फार लांबवू नका. तपशील पुसले गेले की ते पुन्हा पहिलंच वाचन होतं.

रहस्यकथेबद्दल एवढंच: गुन्हेगार कळल्यावर जास्त रंगते अशी एक गाजलेली रहस्यकादंबरी आहे. नाव सांगितलं की निम्मं फुटतं, म्हणून सांगत नाही.

तिसरी_घंटा

सिनेमात दुसऱ्या पाहण्याचा हिशेब वेगळा असतो, कारण डोळा एका वेळी चौकटीत एकाच ठिकाणी असतो. फ्रेंच दिग्दर्शक जाक तातीचा 'प्लेटाइम' (१९६७) याच गोष्टीवर उभा आहे. ७० मिमीवर चित्रित केलेला, क्लोजअपला जवळजवळ फाटा दिलेला. कुठे बघायचं ते दिग्दर्शक सांगत नाही, त्यामुळे पहिल्या वेळी निम्मे विनोद सुटतातच. नव्या रेस्तराँच्या उद्घाटनाच्या रात्रीचा लांबलचक प्रसंग बघा. काचेचं दार फुटून जातं, दरवानाच्या हातात फक्त गोल पितळी मूठ उरते. तर तो ती मूठ हवेत धरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी नसलेलं दार उघडत-मिटत राहतो. हे चालू असताना आत टेबलांपाशी वेगळेच गोंधळ सुरू आहेत. दुसऱ्यांदा बघताना मधली माणसं सोडा आणि फक्त कडा बघा. आणि कृपा करून फोनवर बघू नका. चौकटीतली माणसं तिथे मुंगीएवढी होतात, मग 'काही घडतच नाही' अशी तक्रार येते.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) पुन्हा बघायचं कारण पूर्णपणे तांत्रिक. ज्यूरींची एकच खोली, पण दिग्दर्शक ल्युमेट सिनेमा पुढे सरकेल तशा जास्त फोकल लेंग्थच्या (लांबचं जवळ ओढणाऱ्या) लेन्स वापरत गेला. त्याने मागची भिंत माणसांच्या पाठीला येऊन टेकल्यासारखी वाटते. कॅमेराही सुरुवातीला नजरेच्या वर, मग नजरेच्या पातळीवर, शेवटी खाली. त्यामुळे अखेरीस छतसुद्धा दिसायला लागतं. पहिल्या वेळी नुसतं कोंडल्यासारखं होतं, का ते समजत नाही. पटकन ताडायचं असेल तर पहिल्या दहा मिनिटांतली आणि शेवटच्या वीस मिनिटांतली एकेक चौकट थांबवून शेजारी शेजारी ठेवा.

'जाने भी दो यारों'बद्दल (१९८३) माझं मत लोकांपेक्षा जरा वेगळं आहे. महाभारताच्या नाटकाचा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे, पण दुसऱ्या वेळी सरस वाटतो तो फोटो मोठा करत करत खून सापडण्याचा भाग. त्या बागेचं नाव अँटोनिओनी पार्क. अँटोनिओनीच्या 'ब्लो-अप' सिनेमातही फोटो मोठा करत करतच खुनाचा माग लागतो, तो ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

फ्यूज_उडाला

वरचं सगळं मान्य. पण 'दुसऱ्यांदा मजा आली नाही' म्हणणाऱ्यांनी आधी आपण काय बघतोय ते तपासावं. कित्येकदा दोष मालिकेचा नसून आवृत्तीचा किंवा टीव्हीच्या सेटिंगचा असतो.

कापलेली चौकट हा पहिला संशयित. जुन्या मालिका ४:३ चौकटीसाठी (जुन्या टीव्हीचा चौकोनी आकार) बनल्या. त्या १६:९ मध्ये (आजचा रुंद पडदा) भरताना बहुतेकदा वरचा-खालचा भाग छाटतात. 'सायनफेल्ड' २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आली तेव्हा 'द पॉटहोल' या भागातला खड्डाच चौकटीबाहेर गेला होता. जॉर्ज रस्त्यात कशाकडे बोट दाखवतोय तेच कळेना. 'द सिम्पसन्स'चंही तेच: डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय या बीअरच्या तिन्ही टाक्या एकाच पाइपमधून भरतायत हा विनोद, आणि नेमका तो पाइप छाटला गेला. डिस्ने प्लसने २०२० मध्ये मूळ चौकटीचा पर्याय दिला. तो मालिकेच्या पानावर तपशिलाच्या भागात असतो, तिथे 'रीमास्टर्ड' बंद करायचं. जिथे असा पर्याय नाही तिथे जुनी डीव्हीडी बरी. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर घाबरू नका, तेच बरोबर आहे.

दुसरं म्हणजे टीव्हीचं मोशन स्मूदिंग. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून घालतो आणि सगळं बातम्यांच्या स्टुडिओसारखं गुळगुळीत दिसायला लागतं. सोनीवर हे मोशनफ्लो, एलजीवर ट्रूमोशन नावाने सापडेल. बंद करा, किंवा फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा. लोक इथे फसतात: हे सेटिंग पुष्कळ टीव्हींवर प्रत्येक इनपुटला वेगळं असतं. एचडीएमआयवर बंद केलं तरी टीव्हीतल्या ॲपमध्ये चालूच राहतं. दोन्हीकडे जाऊन बघा.

तिसरं, वेग. १.२५ किंवा १.५ पटीने विनोदी मालिका बघणाऱ्यांबद्दल काय बोलावं! पंचाआधीचा अर्ध्या सेकंदाचा थांबा हाच तर विनोद असतो.

अर्धविराम

वा, जमलं. एक उपप्रश्न. हशा लावलेल्या मालिका दुसऱ्या वेळी जास्त खटकतात का? आणि एखादी मालिका पहिल्या दोन भागांत जमली नाही तर सोडायची की धरून ठेवायची?

पडद्यामागे

हशात दोन जाती आहेत, त्यांची गल्लत नको. एक, खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रण. 'आय लव्ह लुसी'ने १९५१ मध्ये तीन फिल्म कॅमेरे आणि समोर प्रेक्षक ही पद्धत रुळवली. इथे हशा ओसरेपर्यंत नट थांबतात, मधल्या वेळात चेहऱ्याने खेळतात. तो हशा काढून टाकलात तर मध्ये नुसती भगदाडं दिसतात. 'फॉल्टी टॉवर्स'ही प्रेक्षकांसमोरचीच. दुसरी जात, मागाहून चिकटवलेला हशा. तो खटकतो आणि खटकायलाच हवा. लष्करी रुग्णालयात घडणाऱ्या 'मॅश'मध्ये वाहिनीच्या आग्रहाने हशा आला, पण शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत निर्मात्यांनी तो येऊ दिला नाही. बीबीसीने मालिका हशाशिवाय दाखवली होती. डीव्हीडीवर ऑडिओच्या मेन्यूत हशा बंद करता येतो. करून बघा, मालिका एकदम कडू होते आणि जास्त चांगली.

तिसरी_घंटा

सोडायचं की धरायचं, याला सरसकट नियम नाही, पण पहिला भाग हा निकाल द्यायला सगळ्यात वाईट. त्याचा निम्मा वेळ ओळखपाळखीत जातो. अमेरिकन 'द ऑफिस'चा पहिला सीझन (२००५) सहाच भागांचा, त्यातला पहिला भाग जवळपास ब्रिटिश पटकथेवरूनच उचललेला. त्यातला साहेब मायकेल माणूस म्हणून सहन व्हायला लागतो तो दुसऱ्या सीझनपासून. 'ब्लॅकअॅडर' तर सरळ दुसऱ्या मालिकेपासून (१९८६) सुरू करा. पहिलीत नायक एडमंड बावळट आणि त्याचा नोकर बॉल्ड्रिक शहाणा आहे, दुसरीत हे उलटं केलं आणि मालिका जमली. दर मालिकेत काळ नवा असल्यामुळे काही बुडत नाही.

ज्या मालिकेत गोष्ट पुढे सरकत जाते तिथे असं मधूनच शिरू नका. तिथे चार भाग द्या. चौथ्यापर्यंत पात्रांची एकमेकांशी वागायची तऱ्हा बसलेली नसेल तर बंद करा.

समासातली_टीप

सबटायटलचा मुद्दा राहिलाच. ओळ अख्खी एकदम पडद्यावर येते, त्यामुळे नट बोलायच्या आत पंच वाचून होतो. याला काही उपाय?

फ्यूज_उडाला

स्ट्रीमिंग ॲपमध्ये फारसा नाही. मूळ भाषा समजत असेल तर सबटायटल बंद ठेवा आणि ऑडिओ ५.१ (सहा स्पीकरसाठीचा सराउंड आवाज) ऐवजी स्टीरिओ निवडा. टीव्हीच्या दोन स्पीकरवर ५.१चे संवाद दबतात, आणि बरेच जण केवळ त्यासाठी सबटायटल लावतात. डीव्हीडी किंवा फाइल संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये बघत असाल तर 'एच' कळ दाबा. दर दाबाला सबटायटल ५० मिलिसेकंद उशिरा येतं, 'जी'ने लवकर येतं. आठ-दहा दाब पुरतात. त्याहून जास्त केलंत तर ओळ पुढच्या माणसाच्या तोंडी जाते.