मदत हवी आहे: पुराच्या पिशवीत इन्सुलिन कसं ठेवायचं?

मंडळी, आम्ही सांगलीचे, घर नदीपासून चालत दहा मिनिटांवर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५), तेव्हा गाद्या आणि टीव्ही वर नेण्यात रात्र गेली नि रेशनकार्ड, पासबुकं राहिली खालच्या कपाटात! नंतर एकेक पान पंख्याखाली वाळवत बसलो.

यंदा मे महिन्यातच पिशवी भरायला घेतली आहे. कागद झिपच्या पिशवीत, टॉर्च, शिट्टी, पॉवर बँक, ओआरएस, क्लोरीनच्या गोळ्या, चुरमुरे-फुटाणे झालं. पाणी माणशी रोज तीन लिटर धरलं तर चौघांचं तीन दिवसांचं ३६ लिटर होतं. ते घेऊन जिना चढणार कोण, हा प्रश्न आहेच.

पण खरी अडचण सासूबाईंच्या इन्सुलिनची. इन्सुलिन टोचायचं चालू पेन फ्रिजबाहेर साधारण महिनाभर चालतं, पण न उघडलेली फ्रिजमध्येच लागतात आणि पूर आला की वीज आधी जाते. शेजारच्या काकू म्हणतात, एका मडक्यात दुसरं मडकं ठेवून मधे ओली वाळू घाला. घरी ठीक, बोटीत मडकं कसं नेणार? पाण्यात भिजवून वापरायचे थंड पाऊच मिळतात म्हणे. पण भर पावसाळ्यात हवाच दमट, पाणी उडणार नाही तर गारवा कुठून येणार? कोणी ऑगस्टात वापरून पाहिलाय का? नाहीतर थर्मास आणि बर्फ. पण औषध गोठलं तर वायाच जातं, म्हणून धीर होत नाही.

कोल्हापूर, चिपळूणकडच्यांनी काय केलं होतं, प्लीज सांगा.