दहा दिवसांत चारधाम: साठीपुढच्यांसाठी हा बेत बरोबर आहे का?

गिरिवाट

टूरवाल्यांचा दहा दिवसांचा आराखडा बहुतेकांना पाठ आहे: बडकोट, यमुनोत्री, उत्तरकाशी, गंगोत्री, गुप्तकाशी, केदारनाथ, परत गुप्तकाशी, बद्रीनाथ, रुद्रप्रयाग, हरिद्वार. साठी ओलांडलेल्यांना हा बेत देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. लोक चढणीची काळजी करतात, खरा घोळ मुक्कामांत आहे.

मुक्कामांची उंची एकाखाली एक लिहून बघा. बडकोट सुमारे १२०० मीटर, उत्तरकाशी ११५८, गुप्तकाशी १३१९. यमुनोत्री-गंगोत्रीला दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली उतरायचं, म्हणजे पहिल्या पाचही रात्री महाबळेश्वरच्या उंचीच्या आतच गेल्या. सहाव्या रात्री एकदम केदारनाथ, ३५८३ मीटर. झोपायची उंची एका दिवसात सव्वादोन हजार मीटरने वाढली! तीन हजारांच्या वर रोज पाचशेपेक्षा जास्त वाढवू नये, हा डोंगरातला जुना नियम. केदारनाथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो, आणि प्राणवायूही त्याच हिशोबात मिळतो. विरळ हवेचा त्रास पोचल्या पोचल्या होत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमका मध्यरात्री डोकं ठणकायला लागतं.

माझा पर्याय: दोनच धाम करा आणि आधी बद्रीनाथ घ्या. गाडी मंदिराजवळ जाते, उंची ३१०० च्या आसपास. जोशीमठला (सुमारे १९०० मीटर) एक रात्र, बद्रीनाथला दोन, मग केदारनाथ.

मंदाकिनीकाठ

तुमचा हिशोब बरोबर, पण उत्तर पटलं नाही. आधी केदार, मग बद्री ही रीत आहे. गंगोत्रीचं जल केदारनाथाला वाहायचं असतं, त्यामुळे यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बद्री असा पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा क्रम लागतो. आयुष्यात एकदाच जाणाऱ्या माणसाला हा क्रम मोडायला सांगणं मला मान्य नाही.

आणि या क्रमात शरीराची सोय होतीच. जानकीचट्टी, हनुमानचट्टी, जंगलचट्टी, गरुडचट्टी ही नावं बघा. चट्टी म्हणजे चालत्या यात्रेकरूंचा मुक्काम. ऋषिकेशहून पायी निघालेला माणूस चट्टी चट्टी करत वर सरकायचा, उंची आपोआप अंगवळणी पडायची. मोटाररस्ता आला आणि लोक खालच्या हॉटेलात झोपायला लागले. तेव्हा क्रम ठेवा, मुक्काम वर न्या. उत्तरकाशीहून हर्सिलला (सुमारे २६०० मीटर) एक रात्र, दुसरी रात्र गंगोत्रीलाच. मग उत्तरकाशी, गुप्तकाशी आणि लगेच केदारनाथ. वरच्या दोन रात्रींचा फायदा पुढचे काही दिवस टिकतो. दोन दिवस वाढतात, इतकंच.

सरळ_हिशोब

इतका खटाटोप कशाला? गुप्तकाशी, फाटा किंवा सिरसीहून हेलिकॉप्टर घ्या. उड्डाण काही मिनिटांचं. सकाळी वर, दर्शन, दुपारच्या आत खाली. तुम्हीच म्हणता की त्रास सहा तासांनी सुरू होतो. मग जो वर झोपतच नाही त्याला तो गाठणार कधी? गुडघे गेलेल्या माणसाला गौरीकुंड ते केदारनाथ सोळा किलोमीटर चालवण्यापेक्षा किंवा घोड्यावर पाच-सहा तास बसवण्यापेक्षा हे कधीही बरं. तिकीट मात्र आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरूनच काढायचं, आधी यात्रेची नोंदणी करून. व्हॉट्सॲपवर तिकीट देणारे सरळ फसवतात.

गिरिवाट

वेळापत्रक पाळलं गेलं तर तुमचा मुद्दा खरा. केदारची दरी अरुंद आहे, ढग खालून वर चढतात आणि अर्ध्या तासात परतीची उड्डाणं थांबतात. अशा वेळी तेराशे मीटरवरून मिनिटांत वर आलेल्या, हातात जेमतेम दोन किलोची पिशवी असलेल्या माणसाला रात्र ३५८३ मीटरवर काढावी लागते. त्याच्याकडे ना जाड कपडे, ना दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या. शिवाय हृदयविकार असलेल्याला कमी प्राणवायूचा ताण पोचताक्षणी पडतो, तो सहा तास थांबत नाही. धोकाही विसरू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये गरुडचट्टीजवळ आणि १५ जून २०२५ ला गौरीकुंडाजवळ हेलिकॉप्टर पडून प्रत्येकी सात जण गेले.

सरळ_हिशोब

म्हणून पहिल्या उड्डाणांचंच तिकीट घ्यायचं, औषधं आणि स्वेटर अंगावर-खिशात ठेवायचे, आणि पुढचा एक दिवस मोकळा ठेवायचा. हवा बिघडली की कंपनीशी भांडून उड्डाण मागायचं नाही. एवढं पाळणाऱ्याला नको म्हणायचं कारण मला दिसत नाही. गंभीर हृदयविकार असेल तर डॉक्टर नाही म्हणेपर्यंत वाटच बघू नये, हे मान्य.

खेचरवाट

घोड्याबद्दल थोडं, कारण निम्मे ज्येष्ठ त्यावरच जातात. गौरीकुंड १९८२ मीटरवर, म्हणजे सोळाशे मीटरची चढण. सिंहगड आतकरवाडीतून सहाशेच्या आसपास भरतो. तो लागोपाठ अडीच वेळा चढायचा, आणि वरचा भाग विरळ हवेत. २०१३ च्या पुरात वाटेतला मुक्काम रामबाडा वाहून गेला, त्यानंतर वाट नदीपलीकडे नेली. पूल ओलांडल्यावर लिनचोलीपर्यंतचा चढ सगळ्यात खडा. दम तिथेच तुटतो.

घोड्यावरचा माणूस हलत नाही, म्हणून चालणाऱ्याआधी गारठतो. वाऱ्याचं जाकीट आणि पावसाळी पँट बसण्याआधीच चढवा, पाऊस आल्यावर खोगिरावरून ते जमत नाही. चढताना पुढे झुका, उतरताना मागे रेला. जमत असेल तर उतरताना काठी घेऊन पायी या, घोड्यावर उतरताना कंबरेला जास्त हिसके बसतात. चालणाऱ्यांनी खेचरं आली की डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीच्या अंगाला कधीच नाही. घोडा मंदिराच्या बराच अलीकडे थांबतो. तिथून पुढचं चालणं दमलेल्या अंगाने करायचं असतं, ते हिशोबात धरा. पाठ नाजूक असेल तर चौघांनी उचलायची दंडी बरी. पैसे सरकारी खिडकीवर भरून पावती घ्या.

औषधपेटी

छोट्या ऑक्सिजनच्या डब्यांवर पैसे घालवू नका. दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटांत संपतो. ऑक्सिमीटर जरूर न्या, पण वाचायला शिका. गार पडलेल्या बोटाला लावला तर तो पंचाहत्तर दाखवून घर हादरवतो. बोट काखेत धरून गरम करा, मेंदी-नेलपॉलिश नसलेलं बोट निवडा, मिनिटभर स्वस्थ बसून आकडा स्थिर होऊ द्या. केदारनाथला पंचाऐंशी ते नव्वद हा आकडा बऱ्याच निरोगी माणसांचा असतो.

ॲसिटाझोलामाइड ही उंचीचा त्रास टाळायची गोळी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर जायच्या आदल्या दिवसापासून देतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. सल्फा औषधाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास किंवा लघवीची दुसरी गोळी चालू असेल तर ते आधी सांगा. रक्तदाबाची गोळी "वर लघवीला लागेल" म्हणून बंद करणारे असतात. असं अजिबात करू नका, उंचीवर दाब वाढतो.

मंदाकिनीकाठ

क्रम काहीही ठेवा, नोंदणीत प्रत्येक धामाची तारीख वेगळी टाकावी लागते, गौरीकुंडाच्या अलीकडे सोनप्रयागला ती तपासतात. दुपारनंतर तिथून वर सोडणं थांबवतात, म्हणून आदल्या रात्री सोनप्रयाग किंवा गौरीकुंड गाठा. गुप्तकाशीहून पहाटे निघणारे सोनप्रयागपर्यंतच्या तीस किलोमीटरांत गाड्यांच्या रांगेतच अडकतात.

आणि मे कशासाठी? ज्येष्ठांना शाळेच्या सुट्टीशी काय देणं? जुलै-ऑगस्ट दरडींचे. पितृपक्षात बद्रीनाथला ब्रह्मकपालावर पिंडदानाची गर्दी असते. तो संपला की नवरात्रापासून कोजागरीपर्यंत आकाश स्वच्छ, खोल्या मिळतात. थंडी जास्त, पण थंडीला कपडे आहेत. केदारनाथाची दारं भाऊबीजेला बंद होतात.

गिरिवाट

हर्सिल-गंगोत्रीचा मुक्काम माझ्या बेतापेक्षा चांगला आहे, मान्य. ज्यांच्याकडे बारा-तेरा दिवस आहेत त्यांनी तोच घ्यावा. आठच दिवस असतील तर आधी बद्रीनाथ, यावर मी कायम आहे.

दोन्ही बेतांत एक गोष्ट आधी घरात ठरवून घ्या: उतरायचं कधी. वर पोचल्यावर आणि झोपण्याआधी आईवडिलांना जमिनीवरच्या सरळ फटीवरून टाच-अंगठा जोडत दहा पावलं चालवून बघा. तोल जात असेल, बोलणं विसंगत वाटत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर "सकाळी बरं वाटेल" म्हणून पांघरूण घालू नका. लगेच केदारनाथच्या आरोग्य केंद्रात न्या, ऑक्सिजन लावा आणि पहिल्या उजेडाला गौरीकुंडाकडे काढा. दर्शन राहिलं असलं तरी.