लिंबाच्या रोपावरची अळी: मारायची की राहू द्यायची?

कुंडीवेडी: कुंडीतल्या लिंबाची कोवळी पालवी कुणीतरी कुरतडतंय. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा काळा-पांढरा डाग होता, पुसायला गेले तर तो चालायला लागला! वरच्या फांदीवर करंगळीएवढी हिरवीगार अळी आहे, ती वेगळीच. माझं मत पक्कं आहे, रोप अळ्यांसाठी वाढवलेलं नाही. कडुनिंबाचं तेल फवारणार. कुणाची हरकत?

पाकोळी: माझी आहे. दोन्ही अळ्या बहुधा एकाच फुलपाखराच्या आहेत, लाइम बटरफ्लाय नाहीतर कॉमन मॉर्मन. लहानपणी त्या विष्ठेसारख्या दिसतात म्हणून पक्षी फिरकत नाहीत. शेवटची कात टाकली की हिरव्या होतात. काडीने पाठीला हलकेच टोचून बघा. डोक्यामागून लालसर, दुभंगलेलं शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला तर फुलपाखरूच. चावत नाही, अंगावर गांधीही उठत नाहीत.

माळीकाका: ओळख पटली, पुढे काय? नाव कळल्यावर ती पानं खायची थांबते का? हातभर रोपावर पाच-सहा अळ्या बसल्या की नुसत्या काड्या उरतात. हे लाड मोठ्या झाडाला परवडतात.

पाकोळी: काका, मोठ्या झाडाचं काही बिघडत नाही हे तुम्हीच म्हणालात, बरं झालं. लहान रोपावरून अळी पानासकट उचला आणि मोठ्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर ठेवा, त्याच कुळातला आहे तो. जास्वंदीवर सोडलीत तर उपाशी मरेल.

मधलावाटे: तेलाचा उपयोग बारक्या अळ्यांवर, कारण त्याने कात टाकण्यात अडथळा येतो. करंगळीएवढीला फारसा फरक पडत नाही. आणि ‘जैविक’ म्हणून कुणी बीटी (जिवाणूंपासून बनवलेलं अळीनाशक) सुचवायच्या आत सांगतो, ते फुलपाखराच्या अळीलाही मारतं. पानावर चांदीसारखी नागमोडी रेघ असेल तर मात्र ती नागअळी, पानाच्या आत राहते. तिचं प्रकरण वेगळं.

माळीकाका: हलवलेली अळी पक्ष्याने टिपली तर निसर्ग, आणि मी मारली की गहजब!

कुंडीवेडी: काडी लावली. शिंग आलं, वास भयंकर! फवारणी रद्द. हिरवी राहू दे, बारक्या हलवते.

माळीकाका: अहो ताई, उलटं करताय. सगळ्यात जास्त खाते ती हिरवीच!

पाकोळी: पण तीच लवकर खाणं थांबवून कोश करेल. बारक्यांना अजून बरंच चरायचंय.